घरगुती निवास व्यवसाय आणि संकटकाळ



घरातील रिकामी खोली प्रवाशाला चार दिवस भाड्याने देणे, हा व्यवसाय दिसावयास साधा आहे. त्याची खरी कसोटी लागते ती संकटात. त्या वेळी एकच प्रश्न उभा राहतो : तोटा कोणी सोसावयाचा?

या प्रश्नाचे बोलके उदाहरण २०२० साली जगाने पाहिले. सॅन फ्रान्सिस्को येथे २००८ मध्ये स्थापन झालेली एअरबीएनबी ही कंपनी घरमालक व प्रवासी यांची गाठ घालून देते आणि त्याबद्दल शुल्क घेते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे प्रवास थांबला. नोंदणी रद्द झाल्यास किती रक्कम परत द्यावयाची, याचा नियम प्रत्येक घरमालकाने आधीच निवडलेला होता. तो बाजूस सारून, १४ मार्चपर्यंत नोंदणी केलेल्या व लगतच्या काळात येणाऱ्या प्रवाशांना पूर्ण रक्कम परत देण्याचे कंपनीने ठरविले. केवळ पैसे बुडू नयेत म्हणून कोणी जिवावर उदार होऊन प्रवास करू नये, हा हेतू रास्त होता. तथापि, घरमालकांना कोणी विचारले नव्हते. याच उत्पन्नातून कर्जाचे हप्ते फेडणारी कुटुंबे अडचणीत आली व त्यांचा रोष प्रकट झाला.

३० मार्च रोजी कंपनीच्या प्रमुखांनी, घरमालकांना विश्वासात न घेतल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. २५ कोटी डॉलरची तरतूद झाली. परंतु तीतून घरमालकाला मूळ नियमाप्रमाणे मिळावयाच्या रकमेचा चौथा हिस्साच मिळणार होता. एप्रिलमध्ये कंपनीने २०० कोटी डॉलर उभारले. मे महिन्यात सुमारे १,९०० कर्मचारी, म्हणजे नोकरवर्गाचा चौथा भाग, कमी केला. पुढे लोक जवळच्या व ग्रामीण भागांत अधिक दिवसांसाठी घरे शोधू लागले आणि कंपनी सावरली. डिसेंबरात तिचे समभाग बाजारात आले. एकट्यादुकट्या घरमालकाला मात्र असे भांडवल उभारता येत नाही.

हा धडा दूरचा नाही. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर, श्रीवर्धन परिसरात अनेक कुटुंबे पर्यटकांना घरी उतरवितात. त्यांच्यावर टाळेबंदी कोसळली आणि पाठोपाठ ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

म्हणून आगाऊ रक्कम घेतानाच परताव्याचा नियम लेखी सांगावा. पैसे परत करणे शक्य नसल्यास पुढील तारीख देण्याची तरतूद त्यात असावी. हंगामातील मिळकतीचा काही भाग बाजूला ठेवावा. घराच्या विम्यात वादळाचा समावेश आहे की नाही, हे पाहून घ्यावे. ग्रामपंचायतीने अशा घरांची व खोल्यांची नोंद ठेवल्यास आपत्तीत बेघरांच्या निवाऱ्याची सोयही तत्काळ करता येईल.

संकट टाळणे कोणाच्या हाती नसते. त्याचा भार कसा वाटून घ्यावयाचा, हे मात्र शांततेच्या काळातच ठरविता येते.