गोखल्यांचें एक टिपण

नव्या वर्षाच्या आरंभीं, वाढदिवशीं किंवा मोठ्या दुखण्यांतून उठल्यावर मनुष्य कागद घेऊन बसतो आणि आयुष्यांत काय काय करावयाचें याची यादी करतो. असे कागद पुष्कळ लिहिले जातात. बहुतेक हरवतात, व हरवतात तें बरेंच होतें. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या कागदपत्रांत मात्र असें एक टिपण शिल्लक राहिलें. त्यावर १८९८ सालच्या फेब्रुवारीची ५ तारीख आहे.

ही तारीख ध्यानांत घेतल्यावांचून टिपणाचा अर्थ लागत नाहीं. गोखले तेव्हां ३१ वर्षांचे, फर्ग्युसन कॉलेजांतील प्राध्यापक. आदल्या वर्षीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं ते विलायतेस गेले होते आणि साक्षीनें त्यांचें नांव झालें होतें. पण त्याच दिवसांत पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं गोऱ्या शिपायांकडून घरांच्या झडत्या चालल्या होत्या. स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा मजकूर पुण्याच्या पत्रांतून त्यांना कळला. त्यांनीं तो विश्वासानें इंग्लंडांत प्रसिद्ध केला. मुंबईस परत येतांच पुरावा मागण्यांत आला. पुरावा उभा राहीना, आणि पत्रें लिहिणारांचीं नांवें त्यांनीं उघड केलीं नाहींत. शेवटीं त्यांनीं जाहीर क्षमा मागितली. सरकारपक्षानें त्यांना खोटे म्हटलें, स्वकीयांनीं भित्रे म्हटलें. त्या क्षमापत्राच्या योग्यायोग्यतेचा वाद येथें करावयाचा नाहीं. लिहिणारा मनुष्य त्या वेळीं आंतून होरपळला होता, एवढें मात्र खास.

अशा घडीला केलेले संकल्प बेताचे असतील, अशी कोणाचीहि समजूत होईल. टिपण उघडून पाहावें तों निराळेंच दृश्य दिसतें. आरंभीं श्रीगुरु दत्तात्रेयाच्या कृपेचें स्मरण. मग नित्य योगाभ्यासाचा निश्चय. मग ज्या विषयांत चांगली गति मिळवावयाची ते विषय: प्राचीन व अर्वाचीन इतिहास, प्राचीन व अर्वाचीन तत्त्वज्ञान, ज्योतिष, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र, आणि वर फ्रेंच भाषा! त्यानंतर सभासदत्वें: प्रथम मुंबईचें कायदेकौन्सिल, मग वरिष्ठ कायदेकौन्सिल, मग ब्रिटिश पार्लमेंट, या सर्व ठिकाणीं देशाचें हित साधण्याचा प्रयत्न करावयाचा. आणि अखेरीस अत्युच्च तात्त्विक धर्माचा सगळ्या जगाला उपदेश!

वाचणाराला प्रथम हंसूं येतें. पण पार्लमेंटचें कलम वाटतें तितकें हवेंतलें नव्हतें. १८९२ सालीं दादाभाई नवरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी भागांतून तेथें निवडून गेले होते, आणि टिपण लिहिलें गेलें त्या दिवशीं मंचरजी भावनगरी पार्लमेंटचे सभासद होतेच.

पहिल्या दोन पायऱ्या चढण्यास चार वर्षेंहि लागलीं नाहींत. १८९९ सालीं गोखले मुंबईच्या कौन्सिलांत गेले. १९०१ सालीं फिरोजशहा मेहता यांनीं प्रकृतीमुळें व्हाइसरॉयच्या कौन्सिलांतील जागा सोडली, तेव्हां ती आपल्याला मिळावी म्हणून गोखल्यांनीं त्यांना पत्र लिहिलें व त्यांत १८९७ चा प्रसंग स्वतःच काढला. डाग धुवून काढावयाचा तो काम करूनच, ही खूणगांठ त्यांच्या मनांत पक्की होती. २६ मार्च १९०२ रोजीं अंदाजपत्रकावर त्यांचें पहिलें भाषण झालें. सरकारी तिजोरींत शिल्लक पडते ही देश सुखी असल्याची खूण नसून कर गरजेहून जास्त असल्याची खूण आहे, असें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं मांडलें. मिठावरचा कर हा त्यांचा पुनःपुन्हा मारा करण्याचा विषय. तो मणामागें अडीच रुपये होता. १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड आणि १९०७ सालीं एक रुपया झाला. हें श्रेय एकट्या गोखल्यांचें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांच्या वाट्याचें श्रेय लहानहि नाहीं.

पार्लमेंट मात्र राहिलें. विलायतेच्या वाऱ्या त्यांनीं अनेक केल्या, पण त्या देशाचे वकील म्हणून. भूगर्भशास्त्र शिकूं पाहणारा हा गृहस्थ पुढें जन्मभर सरकारी अहवालांचे आंकडे ताडून पाहण्यांत गढला.

आणि मग १२ जून १९०५ चा दिवस येतो. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजामागील टेकडीवर भारत सेवक समाजाची स्थापना झाली. गोखल्यांनीं प्रथम स्वतः शपथ घेतली व मग तिघां सहकाऱ्यांना दिली. शपथेचीं कलमें सात. देशाला मनांत पहिलें स्थान द्यावयाचें. सेवेंत स्वतःचा लाभ पाहावयाचा नाहीं. जातिधर्माचा भेद न करितां सर्व हिंदी लोकांना बंधु मानावयाचें. समाज देईल त्या वेतनांत कुटुंबाचें भागवून स्वतःसाठीं पैसा मिळवावयाचा नाहीं. शुद्ध आचरण ठेवावयाचें. कोणाशीं वैयक्तिक भांडण करावयाचें नाहीं. आणि समाजाचे उद्देश सदैव दृष्टीपुढें ठेवावयाचे. हीहि एक यादीच. पण सात वर्षांपूर्वींच्या यादींत बहुतेक कांहीं तरी मिळवावयाचें होतें. हींत बहुतेक सोडावयाचें आहे. सार्वजनिक जीवनाला धर्माची बैठक द्यावी, हा या समाजाच्या घटनेंतील मूळ विचार; टिपणांतील सर्वांत अशक्य वाटणारें शेवटचें कलम या वेषांत परत आलें, असें मानण्यास जागा आहे.

ज्या कार्यासाठीं गोखल्यांचें नांव विशेष आदरानें घेतलें जातें त्यांतील एक तर टिपणांत मुळींच नाहीं. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी, एवढीच त्याची मागणी. १९ मार्च १९१२ रोजीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं नापास झालें. असेंच होणार हें ठाऊक असूनहि ते त्यासाठीं अखेरपर्यंत झगडले.

१९१४ सालीं सरकारनें ‘सर’ हा किताब देऊं केला. त्यांनीं तो घेतला नाहीं. किताबाला १८९८ च्या टिपणांतहि जागा नव्हती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यास ४८ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें. तें टिपण लिहिल्याला त्या दिवशीं सतरा वर्षें आणि चौदा दिवस झाले होते.