प्रवेशाची शिदोरी



दहावीचा निकाल लागला की वऱ्हाडातील घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला अकोल्याला ठेवावे की अमरावतीला? वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांचे मोठे केंद्र म्हणून अकोला आज ओळखले जाते. बुलडाणा, वाशीम, यवतमाळकडची सोळा वर्षांची मुले तेथे खोली घेतात, डबा लावतात. त्यांचे शुल्क कित्येकदा कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नातून भरले जाते. आई-वडिलांच्या त्यागात काही कमी नाही. मात्र त्या त्यागाला नियोजनाची जोड मिळायला हवी.

या भूमीला त्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पापळ या खेड्यात १८९८ मध्ये जन्मलेले पंजाबराव देशमुख शेतकऱ्याच्या घरातून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे विलायतेला गेले. वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर त्यांनी प्रबंध लिहिला, ते बॅरिस्टर झाले आणि परत वऱ्हाडात आले. खेड्यातील मुलगा बुद्धीने कमी पडत नाही, शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसल्याने मागे पडतो, हे ओळखून त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभारले. पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा वटवृक्ष वाढला. आधी आधार, मग अपेक्षा, हा त्यांच्या कार्याचा क्रम होता. आज अनेक घरांत तो उलटा झालेला दिसतो.

तयारीचे पहिले अंग अभ्यासाचे. राज्याच्या सामायिक प्रवेशपरीक्षेत सुमारे वीस टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. ‘नीट’मध्ये तर दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो. त्यामुळे अकरावी हे विश्रांतीचे वर्ष, हा समज महागात पडतो. राज्याच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ‘नीट’मध्ये प्रत्येक चुकीला एक गुण जातो. म्हणून दोन्ही परीक्षांचा सराव वेगवेगळा करावा. शिकवणी लावली तरी पाठ्यपुस्तक आणि बारावीचा अभ्यास बाजूला सारू नये.

दुसरे अंग कागदपत्रांचे. अधिवास, उत्पन्न, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर यांची आठवण निकालानंतर होते आणि मग सेतू केंद्रापुढे रांगा लागतात. उत्तम गुण असूनही एका दाखल्यापायी हक्काची जागा हुकते. जातपडताळणीचा अर्ज अकरावीतच करावा. सवलतींचीही माहिती असावी. २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. तिला पंजाबरावांचेच नाव दिलेले आहे.

तिसरे अंग मनाचे, आणि तेच सर्वांत नाजूक. परगावी एकटे राहणाऱ्या मुलाला रोजच्या दूरध्वनीवर केवळ ‘चाचणीत किती मिळाले?’ एवढेच ऐकू आले, तर अपयश सांगायला त्याला घर उरत नाही. आईने जेवणाविषयी, झोपेविषयी विचारावे; वडिलांनी महिन्यातून एकदा तरी जाऊन त्याच्याजवळ बसावे. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा सांगणाऱ्या अमरावतीत व्यायामाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मूल गप्प राहू लागले, जेवण-झोप सोडू लागले, तर विलंब न करता त्याला घरी आणावे, डॉक्टरांना दाखवावे. एका परीक्षेपेक्षा मूल मोठे आहे, हे घराने त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

वाटाही अनेक आहेत. अकोल्यातच १९६९ पासून कृषी विद्यापीठ उभे आहे. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विज्ञान, वाणिज्य, कला शाखांतूनही समाजाला उत्तम शिक्षक, अधिकारी आणि संशोधक मिळत आले आहेत. मुलाची आवड व कुवत पाहून निवड करावी. शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून नव्हे.

हे केवळ एकेका कुटुंबाचे काम नाही. प्रत्येक वस्तीत एक अभ्यासिका, दाखल्यांसाठी अर्ज भरून देणारे चार तरुण आणि नव्याने शहरात आलेल्या मुलाला सणावाराला जेवायला बोलावणारी दहा घरे, एवढे कार्यकर्त्यांच्या आवाक्यात निश्चित आहे. समाजाने असा हात दिलेला विद्यार्थी समाजाचे ऋणही विसरत नाही. येत्या निकालाची वाट न पाहता या कामाला आजच आरंभ व्हावा.