रेकॉर्डिंगची तयारी घरीच
वसई-विरारच्या लग्नांत ब्रास बँड वाजतो तेव्हा चुकलेला सूर गलक्यात विरून जातो. स्टुडिओत मायक्रोफोन तोच नेमका पकडतो. म्हणून तालीम घरीच व्हावी, हेडफोनमधल्या ठोक्यावर. सॅक्सोफोनची रीड, गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदलाव्यात. नवी तार बसायला वेळ घेते. कुणी म्हणेल, संगणक सूर दुरुस्त करतोच की! करतो, पण अर्ध्यावर तुटलेला श्वास त्याला पुरवता येत नाही. फार घोटल्यानं ताजेपणा जातो, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. तरी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत आणि गायक अब्दुल करीम खाँसाहेब तेवढ्यात राग उभा करत. काय गाळायचं हे आधी ठरल्याशिवाय ते जमणं अवघड होतं.