लाटा मोजल्याशिवाय निदान नको



 या अधिवेशनात आज गणिती आणि डॉक्टर एकाच मांडवाखाली बसले आहेत. म्हणून दोघांच्याही हद्दीवरचा विषय निवडला आहे: ताणाची संप्रेरके, नैराश्य आणि त्यांची गणिती प्रारूपे.

शरीरातली साखळी आपणांस ठाऊक आहे. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो. त्यामुळे पीयूषिका ग्रंथीतून एसीटीएच स्रवते. ते मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचले की तिथे कॉर्टिसॉल तयार होते आणि वाढलेले कॉर्टिसॉलच वरच्या दोघांना आवर घालते. संप्रेरके तीन, विकलक समीकरणेही तीन. प्रत्येकात एक पद निर्मितीचे, एक ऱ्हासाचे.

पण रक्तातले कॉर्टिसॉल एका जागी थांबत नाही. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिखर गाठते, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. या दैनंदिन लयीच्या पोटात तासा-दीड तासाने लहान लाटा उठत असतात. त्या येतात कुठून? मेंदूत ठोके देणारे एखादे केंद्र असावे, असा तर्क होता. 2010 साली जेमी वॉकर, जॉन टेरी आणि स्टॅफर्ड लाइटमन यांनी समीकरणांतून वेगळे उत्तर दिले. अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉलचा साठा नसतो. एसीटीएच आले की ते नव्याने बनवावे लागते आणि त्यात काही मिनिटे जातात. तेवढ्या वेळात एसीटीएच वाढतच राहते. मग कॉर्टिसॉल उसळते, एसीटीएच दबते. पण आधीच्या एसीटीएचचा परिणाम म्हणून कॉर्टिसॉल आणखी थोडा वेळ चढते. ते ओसरले की पीयूषिका पुन्हा मोकळी होते. म्हणजे लाट उठायला मेंदूतल्या ठोक्यांची गरज नाही, हा विलंबच पुरेसा आहे. 2012 साली उंदरांना सीआरएच एकसारख्या गतीने देऊन पाहिले, तरी लाटा उठल्या. कागदावरचे भाकीत प्रयोगाने खरे ठरले, हा मला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो.

नैराश्याच्या बाबतीत मात्र इतके नेमके यश आपल्या पदरी नाही. 1981 साली बर्नार्ड कॅरल यांनी डेक्सामेथासोन चाचणीची पद्धत निश्चित केली: रात्री 11 वाजता 1 मिलीग्रॅम औषध, दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी. एरवी या औषधाने कॉर्टिसॉल दबते, पण तीव्र नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांत ते दबत नाही, असे दिसले. आशा मोठी होती. पण नैराश्याच्याच अनेक रुग्णांत ते व्यवस्थित दबते आणि इतर आजारांतही ते दबत नाही, हे पुढे कळले, नि निदानाची चाचणी म्हणून ती मागे पडली. सीआरएचचा मार्ग अडवणाऱ्या औषधांनीही चाचण्यांत निराशाच केली. नैराश्य म्हणजे निव्वळ जास्त कॉर्टिसॉल, हे समीकरण टिकले नाही.

गणिताने मात्र आणखी एक वाट सुचवली. 2007 साली एका प्रारूपात कॉर्टिसॉलचे ग्राही (रिसेप्टर) अंतर्भूत केल्यावर याच यंत्रणेला दोन स्थिर अवस्था मिळाल्या. तीव्र किंवा दीर्घ ताणाने शरीर एकीतून दुसरीत जाऊ शकते आणि ताण सरला तरी परत येत नाही, अशी शक्यता त्यातून पुढे आली. रुग्णाची अवस्था समजून घ्यायला ही कल्पना फार उपयोगी आहे. पण ती अजून शक्यताच आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. सकाळी एकदा घेतलेल्या एका रक्तनमुन्यावरून कुणाच्याही मनाविषयी निष्कर्ष काढू नये. एकच नमुना लाटेच्या माथ्यावर पडला की पायथ्याशी, हे तो आकडा सांगत नाही. गणिती मित्रांनो, प्रत्येक प्रारूपातून खोटे ठरू शकेल असे किमान एक भाकीत काढा. डॉक्टरांनो, नमुना घेताना वेळ, झोप, कामाची पाळी आणि चालू औषधे यांची नोंद ठेवा. त्याशिवाय आमची समीकरणे आंधळी आहेत. आणि दोघांनीही रुग्णाची हकिकत ऐकण्याला कुठल्याही आलेखाच्या आधी स्थान द्यावे, ही विनंती. तरुण अभ्यासकांनी हे काम हाती घ्यावे, असे माझे आवाहन आहे.