खुडूक कोंबडी म्हणजे घरचे बियाणे

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे या बैठकीत पुष्कळ आहेत. मी कोंबडीवर बोलणार आहे. हसू नका. कापसाचा पैसा घरात वर्षातून एकदा येतो आणि उंबऱ्यावरच वाटला जातो. कृषी केंद्राची उधारी, सोसायटी, सावकार. आठवडी बाजाराला तेलमिठाचा पैसा कुठून निघतो, हे मागच्या रांगेत बसलेल्या बहिणींना विचारा.

मी शेतीचा पदवीधर. कोंबडी खुडूक होणे हा दोष, असे आम्हाला कॉलेजात शिकवले. खुडूक झाली की ती अंडी देणे थांबवते, म्हणजे तोटा. म्हणून लेगहॉर्नसारख्या जातींतून हा गुण पिढ्यान् पिढ्या निवड करून काढून टाकला. पिंजऱ्यातल्या धंद्याला ते बरोबरच आहे, कारण तिथे पिल्ले काढायला यंत्र असते. आपल्या अंगणात यंत्र नाही. हा एवढा फरक कळायला मला रायगड जिल्ह्यात जावे लागले.

पेण आणि रोहा हे भाताचे तालुके, पाऊस आपल्या तिप्पट-चौपट. डोंगराच्या पायथ्याला ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. भात निघाले की कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस राहते त्यांच्या कोंबड्या टिकतात. मुंबई-गोवा रस्ता जवळ, त्यामुळे गावठी कोंबडीला गिऱ्हाईक तयार. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून आम्ही तिथे सुधारित जातीची पिल्ले आणि नर वाटले. पहिल्या वर्षी सगळे खूश. वजन दांडगे, अंडी दुप्पट. गावठी कोंबड्या लोकांनी विकून टाकल्या, आणि विका म्हणून सांगणाऱ्यांत मीही होतो. दुसऱ्या वर्षी रोह्याकडच्या एका वाडीत एक म्हातारी मला म्हणाली, "अरे दादा, तुझी कोंबडी अंडं टाकते नि निघून जाते. पोरं कोण काढणार, तू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. वनराजा, गिरिराजा या जाती अंगणात चांगल्या वाढतात, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि हा गुण नराच्या रक्तातूनही उतरतो. सुधारित नर सोडला की पुढच्या पिढ्यांत बसणारी कोंबडी कमी होत जाते. मग दर खेपेला पिल्ले विकत घ्यायची. तुम्हाला हे नवे नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, १९७० साली एच-४ हा संकरित कापूस आला. उत्पादन वाढले हे खरे, पण बियाण्याचे गाडगे घरातून गेले. माझे म्हणणे इतकेच की सुधारित कोंबडी पाळायची तर पाळा, पण दोन-तीन खुडूक होणाऱ्या गावठी कोंबड्या घरात ठेवूनच.

आता खुडूक ओळखायची कशी? खुराड्यात दिवसा अंड्यावर बसलेली प्रत्येक कोंबडी खुडूक नसते. रात्री बॅटरी घेऊन बघा. बाकीच्या दांडीवर चढल्या आणि ही अंड्यांवरच आहे, तर संशय धरा. हात पुढे करा. ती पिसे फुलवून दुप्पट होते, घशातून खुडखुड आवाज काढते, टोच मारते, पण जागा सोडत नाही. पोट चाचपून पाहा. छातीखालची पिसे गळालेली असतात, कातडी उघडी आणि गरम लागते. तुरा फिका पडतो. दिवसातून एकदाच उठते, घाईने खाते, एकच मोठी घाण वासाची विष्ठा टाकते आणि परत बसते. तरी घाई करू नका. दोन-तीन जुनी अंडी खाली ठेवून दोन रात्री पाहा. टिकली तरच चांगली अंडी खर्चा.

अंडी निवडताना आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली घ्या. धुऊ नका, कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि आत जंतू शिरतात. साठवण माठाजवळच्या गारव्यात, निमुळते टोक खाली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात साठवलेल्या अंड्यात जीव अर्धवट वाढतो आणि मरतो. म्हणून दसरा ते माघ हा काळ बसवायला बरा. दहा ते बारा अंडी पुरेत. पंधरा ठेवली तर कडेची गार पडतात. सगळी एकाच दिवशी ठेवा आणि प्रत्येकावर कोळशाने खूण करा. दुसरी कोंबडी येऊन त्यात अंडे घालते, बिनखुणेचे असेल ते रोज काढून घ्यायचे.

बसवायची संध्याकाळी, अंधार पडल्यावर. टोपलीत राख, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला, वर मऊ गवत. कापूस घालू नका; पिल्लांच्या पायांना तंतूंचा फास बसतो. उवा-पिसवा झाल्या तर चांगली कोंबडीही उठून जाते. जवळ पाणी आणि अख्खी ज्वारी ठेवा. दिवसातून एकदा ती उठते की नाही हे पाहा. उठत नसेल तर हाताने उचलून खाली सोडा. बसल्या जागी उपाशी मेलेली कोंबडी मी पाहिली आहे.

सातव्या-आठव्या रात्री अंडे बॅटरीवर धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू आहे. स्वच्छ दिसले तर फळ धरलेले नाही, काढून टाका. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. कवच फोडून मदत करण्याचा मोह आवरा.

पहिला दिवस पिल्लांना खाणे लागत नाही, पोटातला बलक पुरतो. मग ज्वारीची कणी, वाळवी, आणि उथळ पाण्यात खडे टाकून पाणी. दोन गोष्टी मात्र आपल्या मुलुखाच्या. औषध लावलेले बियाणे अंगणात सांडले की कोंबडी खल्लास. फवारणीच्या दिवशी पिल्ले डालग्याखाली ठेवा. सरकी आणि ढेप कोंबड्यांना देऊ नका, त्यातल्या गॉसिपॉलने अंडी बिघडतात.

कोंबडी बसवायची नसेल तर नाकात पीस खुपसू नका. तो छळ आहे. तीन-चार दिवस हवेशीर, खालून मोकळ्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन ठेवा. पोटाला गारवा लागला की खुडूक मोडते.

राहिली मानमोडी. घार, मुंगूस पिल्लू-दोन पिल्लू नेतात, मानमोडी खुराडेच्या खुराडे रिकामे करते. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ची लस. आणि एकाएकी भराभर मरतुक झाली तर लपवू नका, मेलेली कोंबडी बाजारात नेऊ नका. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू आला होता. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

लसीची कुपी शंभर-शंभर कोंबड्यांची मिळते, फोडल्यावर टिकत नाही. बारा पिल्लांसाठी कोण फोडणार? म्हणून रोह्याच्या त्या वाडीतल्या बायकांनी उपाय काढला. आधी शेजारच्या गावातून गावठी तलंगा आणल्या. मग आठ-नऊ घरांनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या, म्हणजे पिल्ले एकदम निघाली आणि एक कुपी सगळ्यांना पुरली. कुणाची चारच पिल्ले निघाली तर ती रात्री शेजारणीच्या कोंबडीखाली सरकवली आणि मोकळी झालेली कोंबडी पुन्हा अंड्यावर आली. दसऱ्यानंतर आपल्याकडे असे करायला कोणती गावे तयार आहेत? बहिणींनी जेवणाच्या सुट्टीत गावाचे नाव आणि घरात खुडूक होणाऱ्या किती कोंबड्या उरल्या आहेत तो आकडा लिहून द्यावा.