सिंहगडचा पोवाडा आणि वीरधर्म

युद्धकाव्य म्हणजे केवळ शस्त्रांच्या खणखणाटाचे वर्णन, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी तुलसीदास शाहिराने रचलेला सिंहगडचा पोवाडा अवश्य ऐकावा. १६७० च्या फेब्रुवारीत मावळ्यांनी कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, मोगलांकडून परत जिंकला आणि त्या रात्रीच्या झुंजीत सुभेदार तानाजी मालुसरे व मोगलांचा किल्लेदार उदेभान हे दोघेही पडले, हा इतिहास. परंतु शाहीर आपल्या काव्याचा प्रारंभ रणांगणावरून न करता, सोंगट्यांचा डाव जिंकून जिजाऊसाहेब शिवरायांकडे गड मागतात तेथून करतो, आणि मग आपणांस पुत्र रायबाच्या लग्नाच्या तयारीत गुंतलेल्या तानाजीच्या घरी नेतो. पुत्राच्या विवाहाचा आनंद आणि धन्याचा हुकूम यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग असा आधीच उभा राहिल्यामुळे, पुढील आत्मसमर्पणाचे मोल, डफ-तुणतुण्याच्या साथीने ते ऐकणाऱ्या सामान्य कुणब्यासही स्वतःच्या प्रपंचावरून उमगते.

गडाचा कडा चढणारी घोरपड पोवाड्यात आहे, पण शिवरायांची हकीकत सांगणाऱ्या सभासदाच्या बखरीत नाही. तथापि तेवढ्यावरून काव्यास असत्य ठरविणे उचित नव्हे. बखर फत्ते कशी झाली याची हकीकत देते, तर पोवाडा त्या फत्तेची किंमत कोणत्या घराने मोजली हे सांगतो. शौर्य, कर्तव्य व त्याग यांची पृथक प्रशस्ती न गाता, या शाहिराने कर्तव्यासच मूळ मानले आणि उरलेले दोन्ही गुण त्यातूनच उद्भवलेले दाखविले, हेच त्याच्या वीररसाचे खरे वैशिष्ट्य होय.