ओल्या मुलुखातली कोरडी वीज



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते विज्ञान शिकवीत आणि मराठी शुद्ध लिहीत. त्यामुळेच की काय, यंदा विषय विज्ञानाचा आणि वक्ता मराठीचा असा बेत संयोजकांनी केला. माझा अधिकार शब्दांपुरता आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. मात्र शब्दाचे बोट धरून चालत राहिले की पुष्कळदा माणूस वस्तूपर्यंत पोहोचतो. आजचा शब्द आहे स्थिर विद्युत.

पेडणे-डिचोलीच्या माणसाला ही विद्युत क्वचितच भेटते. कोरड्या मुलुखातून आलेला पाहुणा सांगतो की थंडीत दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. आपल्याला ते नवल वाटते. याचे कारण आपली हवा. दोन वस्तू एकमेकींना टेकून वेगळ्या झाल्या की एकीवरचे काही ऋण प्रभार दुसरीवर जातात. हे घडायला घासणे आवश्यकच आहे असे नाही. घासल्याने स्पर्श अधिक जागी होतो, एवढेच. अर्थात आपल्याकडेही प्रभार रोज, घडोघडी उत्पन्न होतोच. पण दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसलेला असतो, आणि त्या थरावरून प्रभार गुपचूप जमिनीत निघून जातो. हवेची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली उतरली की ही वाट बंद होते. मग प्रभार जिथे असेल तिथेच साचतो. 'स्थिर' हे विशेषण त्या साचण्याला आहे.

आपल्याकडे असे दिवस थोडे. डिसेंबर-जानेवारीत घाटावरून कोरडा पूर्वेचा वारा उतरतो, ओठ फुटतात, तेव्हा प्लास्टिकचा कंगवा केसांतून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ धरावा. कपटे उडी मारून येतात. पावसाळ्यात तोच प्रयोग करायला जाल तर वर्गात हसे होईल. कागदावर स्वतःचा असा प्रभार नसतो, तरी तो ओढला जातो. कंगव्यावरच्या ऋण प्रभारामुळे कागदातले ऋण प्रभार किंचित पलीकडे सरकतात, धन बाजू जवळ येते, आणि जवळचे आकर्षण दूरच्या प्रतिकर्षणावर मात करते.

मुक्तीपूर्वी गोव्यात परदेशी नायलॉनची चैन होती हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आमच्या गावात तेव्हा विजेचे खांब नव्हते. थंडीच्या रात्री दिवा मालवल्यावर नायलॉनची साडी घडी करताना जी चरचर ऐकू येई आणि निळसर ठिणग्या दिसत, ती आमच्या घरात आलेली पहिली वीज म्हणायला हरकत नाही. सुती लुगड्यात हा प्रकार नव्हता. सूत ओलावा धरून ठेवते.

आता शब्दाकडे. संस्कृतात अंबराला 'तृणमणि' म्हणतात, म्हणजे गवताची काडी ओढून घेणारा मणी. फारसीत त्याचे नाव 'कहरुबा', म्हणजे काडी पळवणारा. ग्रीकांनी त्यालाच 'इलेक्ट्रॉन' म्हटले, आणि १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने त्यावरून लॅटिन विशेषण घडवले. आज आपण 'इलेक्ट्रिक' म्हणतो ते मुळात अंबराचे नाव आहे. गंमत अशी की आपल्या पूर्वजांनी गुण हेरला, त्याला नेमके नाव दिले आणि मण्याचे दागिने केले. पुढे विचारले नाही. आपल्या भाषांत विजेला डझनावारी नावे आहेत: चपला, दामिनी, सौदामिनी, तडित. सगळी आकाशातली. कडीच्या चटक्याला घरगुती मराठी शब्द मला आजवर सापडला नाही. तिथे आपण 'शॉक' म्हणून मोकळे होतो. ओल्या मुलुखातल्या माणसाला धाकटी बहीण ठाऊक नाही, थोरली तेवढी ठाऊक, आणि तीही भीतीपोटी.

धाकटी दिसते तशी गरीब नाही. हवेच्या एका सेंटिमीटरमधून ठिणगी जायला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट. म्हणजे बोटातून कडीवर उडणारी दोन-तीन मिलिमीटरची ठिणगीसुद्धा हजारोंच्या घरातली असते. तिने माणूस मरत नाही, कारण साठा अतिशय अल्प असतो; कळ अंगाला लागते न लागते तोच तो संपतो. परंतु पेट्रोलच्या वाफेला एवढा साठा पुरून उरतो. इंधन नळीतून वेगाने वाहताना स्वतःच प्रभारित होते. म्हणून टँकर रिकामा करण्याआधी त्याला जमिनीशी जोडलेली तार लावतात. पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उडतात. तिथेही इंधन भरण्याआधी विमान आणि इंधनाची गाडी तारेने एकमेकांना जोडली जातात, ती दोघांमध्ये ठिणगी उडू नये म्हणून. गवत कापायच्या यंत्रासाठी आपण डब्यातून पेट्रोल आणतो. तो डबा धातूचा असावा, गाडीत किंवा स्कूटरच्या पायथ्याशी ठेवून न भरता जमिनीवर टेकवून भरावा, आणि नळीचे तोंड डब्याच्या काठाला टेकलेले असावे. हा उपदेश रुक्ष आहे, पण फुकट आहे.

धाकटीची सेवाही सांगितली पाहिजे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन या गृहस्थाने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून प्रभारित केला. मग काचेवर लिहिलेली अक्षरे त्यावर ठेवून वरून उजेड टाकला. उजेड पडला तिथला प्रभार ओसरला, अक्षरांच्या सावलीत तो राहिला. वरून वनस्पतीच्या बीजुकांची पूड शिंपडून फुंकर मारताच अक्षरे उमटली: तारीख आणि गावाचे नाव. हीच आपली झेरॉक्स. नावातला ग्रीक शब्द 'झेरोस' म्हणजे कोरडा! माझ्या पिढीच्या प्राध्यापकांनी दुर्मीळ पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती दिली ती या कोरड्या अक्षरांच्या कृपेने. जुलै महिन्यात मात्र कागद ओलावा पितो आणि प्रती पुसट येतात. कागदाच्या कपाटात दिवा जळता ठेवणारा एक दुकानदार मी डिचोलीच्या बाजारात पाहिला आहे. त्याने पदार्थविज्ञान वाचले होते की नाही, मी विचारले नाही.

थोरल्या बहिणीचे घराणे हेच आहे. उंच ढगात बर्फाचे बारीक स्फटिक आणि जड गारकण एकमेकांवर आपटून वेगळे होतात. हलके स्फटिक धन प्रभार घेऊन वर जातात, जड कण ऋण प्रभार घेऊन खाली राहतात. कंगवा आणि केस यांचाच हा खेळ, फक्त काही किलोमीटर उंचीचा. कडाडून पडते तेव्हा साधारण ३०,००० अँपिअरचा ओघ वाहतो, आणि ज्या वाटेने ती जाते तिथली हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. त्या तापण्याने हवा फुटते, तो गडगडाट.

आपल्याकडे हे बहुधा मे महिन्यातल्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात घडते. मे महिना म्हणजे काजूच्या हंगामाची अखेर. दुपारी ढग चढतात तेव्हा बोंडू वेचणाऱ्या बाया डोंगरउतारावर असतात, गुराखी सड्यावर असतो. पाऊस आला की सगळे झाडाखाली किंवा खोपीत शिरतात, आणि नेमके तिथे जाऊ नये. झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून माणसावर उडी घेते, किंवा मुळांतून जमिनीत पसरते. जांभ्याचा कोरडा सडा वीज सहजी पोटात घेत नाही, ती पृष्ठभागावरून पसरते. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय दूर असल्याने त्यांच्यातून ती अधिक जाते. म्हणूनच एका झाडाखाली चार-पाच गुरे मेलेली सापडतात. पक्के घर गाठावे, ते नसेल तर बंद मोटार किंवा ट्रकची केबिन. केबिनमध्ये माणूस वाचतो तो टायरमुळे नव्हे. धातूच्या कवचावरचा प्रभार बाहेरच्या अंगानेच राहतो, हे फॅरडेने १८३६ साली स्वतः पिंजऱ्यात बसून दाखवले आहे.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर आसरा घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने भ्रमणध्वनीवर पूर्वसूचना देणारी सोय केली आहे. तिचे नाव 'दामिनी' ठेवले याचा मला भाषेपुरता आनंद आहे.

आणखी एक खूण सांगतो. नाट्यशास्त्राने रोमांच हा आठ सात्त्विक भावांपैकी एक मानला. वर्गात मी तो जन्मभर शिकवला. उघड्या सड्यावर, काळ्या ढगाखाली, अंगावरचे केस विनाकारण उभे राहू लागले तर तो सात्त्विक भाव नव्हे. तुमच्या देहावर प्रभार जमतो आहे, पुढचा क्षण तुमचा असेलच असे नाही. धावत निघावे, जागाच नसेल तर झाडापासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे.

उरला आपल्या समजुतींचा भाग. पायाळू माणसावर वीज पडते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यापोटी पायाळू मुलाला घरात डांबले जाते आणि बाकीची चार मुले निर्धास्तपणे आंब्याखाली उभी राहतात. जन्मताना पाय आधी आले की डोके, याची ढगाला चौकशी नसते. पण याहून घातक समजूत दुसरी आहे: विजेने पडलेल्या माणसाला शिवू नये, त्याच्या अंगात वीज असते. देशाच्या काही भागांत त्याला शेणात पुरतात आणि तेवढा वेळ वाया जातो. माणसाचे ओले शरीर प्रभार धरून ठेवत नाही. तो क्षणात जमिनीत गेलेला असतो. त्या माणसाला हात लावायला काहीही भय नाही. विजेचा धक्का बसलेल्यांपैकी बहुतेक जण जगतात. जे दगावतात त्यांचे हृदय किंवा श्वास थांबलेला असतो, आणि तो पुन्हा चालू होण्याची आशा पहिल्या काही मिनिटांतच असते. १०८ ला फोन लावावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावे. गाडी येईपर्यंत थांबू नये.

हे शब्दांनी सांगून भागत नाही. या शाळेचे दोन-तीन माजी विद्यार्थी डॉक्टर झालेले मला पहिल्या रांगेत दिसत आहेत. आभारप्रदर्शनापूर्वी त्यांनी पाच मिनिटे व्यासपीठावर येऊन ते करून दाखवावे, अशी अध्यक्षांच्या अनुमतीने विनंती करतो. उशी मी घरून आणली आहे.